मियाटातले दोन बार

आमच्या घरात सुटकेस तोलायचा एक डिजिटल काटा आहे. हुक अडकवायचा, उचलायचं, आकडा स्थिर झाला की तो टुक करून वाजतो. एरवी वर्षातून एकदाच बाहेर निघतो, भारतात जाताना, एकेका बॅगेत २३ किलो बसवायची मारामारी चालू असते तेव्हा. गेल्या जुलैत मात्र तो आठवडाभर गॅरेजमध्येच मुक्कामाला होता आणि त्याला लटकत होतं स्टिअरिंग व्हील, एअरबॅगसकट.

गाडी म्हणजे १९९४ ची माझदा मियाटा. दोन सीट, कापडी टप, १.८ लिटरचं इंजिन. आम्ही राहतो मिशिगनात, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे जुन्या गाड्या खालून उंदराने कुरतडल्यासारख्या झालेल्या असतात. ही एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दर हिवाळ्यात झाकून ठेवलेली होती. खाली वाकून टॉर्च मारला, पत्रा शाबूत दिसला, आणि घासाघीस न करता घेऊन टाकली.

ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली फेब्रुवारी १९८९ मध्ये, शिकागोच्या मोटार प्रदर्शनात. तोशिहिको हिराई तिचे मुख्य अभियंते. घोडा आणि स्वार एकच, अशा अर्थाचा ‘जिन्बा इत्ताई’ हा जपानी शब्द त्यांच्या टीमने डोक्यात ठेवला होता आणि त्यापायी जिथून जमेल तिथून वजन खरवडलं होतं. १९९४ च्या मॉडेलला इंजिन मोठं झालं, दारांत पोलादी दांडे आले, आणि आधी फक्त ड्रायव्हरपुढे असलेली एअरबॅग शेजारच्या सीटपुढेही आली. माझी गाडी कागदावर १,०४० किलोंची. आजच्या गाड्यांच्या मानाने पिसासारखी. पण नाद लागला की माणसाला पीसही जड वाटतं.

नाद ट्रॅकचा. लेक मिशिगनच्या काठी साउथ हेवन नावाचं गाव आहे, तिथे जिंजरमॅन रेसवे म्हणून ट्रॅक आहे. ११ वळणं, एक फेरी २.१४ मैलांची. तिथे शर्यत नाही लावायची. आपलीच गाडी न्यायची, हेल्मेट घालायचं, शेजारी शिकवणारा बसवायचा आणि वीस-वीस मिनिटं फिरायचं. दोन उन्हाळे हे केल्यावर मी गाडीतलं सामान काढायला लागलो. आधी स्टेपनी आणि जॅक. मग रेडिओ, स्पीकर, डिकीतलं कार्पेट. बायको म्हणाली, पोट काढता येत असेल तर बघ. हे वाक्य प्रत्येक ट्रॅकवाल्याच्या घरात बोललं जातं आणि त्याला उत्तर नसतं. मग नजर गेली एअरबॅगांवर. ओळखीतल्या एकाने त्याच्या मियाटातल्या काढल्या होत्या. त्याची गाडी निव्वळ रेसची, आत पोलादी नळ्यांचा पिंजरा, ट्रेलरवरून येणारी-जाणारी. माझी तशी नव्हती. या फरकाकडे मी तेव्हा काणाडोळा केला.

ज्या गॅरेजात मी एरवी जातो, तिथे विचारलं. मालकाने मान हलवली आणि बोर्डाकडे बोट न दाखवताच नियम सांगितला. इथला केंद्राचा कायदा असा की गाडी बनवणारा, विकणारा किंवा दुरुस्त करणारा, यांतल्या कुणीही सुरक्षेचं साधन जाणूनबुजून निकामी करता कामा नये. गाडीच्या मालकाचं नाव त्या यादीत नाही. म्हणजे गॅरेजवाल्याने काढली तर कायदा मोडला, मी माझ्या हाताने काढली तर केंद्राची हरकत नाही. राज्याराज्यांचे नियम निराळे, ते ज्याने त्याने बघावेत. मिशिगनात गाड्यांची ठरावीक मुदतीने तपासणीच होत नाही, त्यामुळे अडवायला कुणी नव्हतं. अडवायला कुणी नाही याचा अर्थ मी परवानगी असा घेतला.

नेमके त्याच उन्हाळ्यात आबा आले होते. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर उभे राहिले. आता हात थोडा थरथरतो, पण बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर हातात दिला की थरथर थांबते. तो व्हर्निअर ते सोबत घेऊनच आले होते, स्वेटरच्या घडीत. अमेरिकेत पंधरा दिवसांत त्यांना कंटाळा आला. मॉल बघून झाले, आमच्या गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांची नावं पाठ झाली. मी गॅरेजचं शटर वर केलं तसे ते खुर्ची ओढून बसले.

“काय काढतोस?”

मी सांगितलं. एअरबॅग त्यांना माहीत होती. आमच्या चुलतभावाने कोल्हापुरात नुकतीच नवी गाडी घेतली होती आणि तो येईल-जाईल त्याला ‘सहा एअरबॅगवाली’ म्हणून सांगत होता. तिकडे २०१९ पासून ड्रायव्हरची आणि १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलांना शेजारच्याचीही एअरबॅग सक्तीची झाली, आणि इकडे त्यांचा इंजिनिअर मुलगा असलेल्या दोन काढत होता. आबांनी त्यावर काही टीका केली नाही. त्यांनी एकच विचारलं, “आत काय असतंय?”

मग मी समजावलं. घडी घातलेली पिशवी, तिच्यामागे धातूचा डबा. त्या काळच्या डब्यांत बहुतेक करून सोडियम अझाइडच्या गोळ्या असत. अपघाताचा धक्का सेन्सरला कळला की डब्यात ठिणगी पडते, गोळ्यांतून नायट्रोजन सुटतो आणि साधारण ३० मिलिसेकंदांत पिशवी तट्ट फुगते. डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

“म्हंजे बारच हाय की ह्यो!” आबा म्हणाले. त्या दिवसापासून आमच्या घरात एअरबॅगला ‘बार’च म्हणतात. मुलगीसुद्धा.

मियाटाची बॅटरी पुढे नसते, डिकीत असते, उजव्या कोपऱ्यात. आबांनी स्वतः दहा-अकराचा पाना घेऊन निगेटिव्हची केबल सोडवली आणि ती परत टर्मिनलला चुकून चिकटू नये म्हणून तिच्या टोकाला फडकं गुंडाळलं. त्यानंतर लगेच हात घालायचा नसतो. कंट्रोल बॉक्समध्ये कपॅसिटर असतो, त्यात बार उडवण्यापुरती वीज साठलेली असते. अपघातात बॅटरीची वायर आधी तुटली तरी बॅग फुगावी म्हणून केलेली ती सोय. ती वीज उतरायला वेळ द्यायचा. मी अर्धा तास धरला, त्यात चहा झाला. दुसरा नियम स्थिर विजेचा: सिंथेटिक कपडे नकोत, हात लावण्याआधी गाडीच्या उघड्या धातूला स्पर्श करायचा. आबा नेहमीच्या सुती बंडीत होते, ते आपसूकच नियमात बसले. मला टी-शर्ट बदलावा लागला.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. बॅगेच्या पिनांना मल्टिमीटर लावायचा नाही. आतली तार सुरू आहे की नाही बघू म्हणून हात शिवशिवतात, विशेषतः आमच्यासारख्यांचे. पण ती तार दोनेक ओहमची, थोडक्या करंटवर पेटण्यासाठीच बनवलेली. रोध मोजताना मीटर जो करंट सोडतो, तोही तिला पेटवू शकतो.

ड्रायव्हरची बॅग स्टिअरिंगच्या पाठीमागून धरलेली असते. चार जागी दहाचे नट, सॉकेटला लांब एक्स्टेंशन लावून. तीन मुकाट्याने सुटले. चौथा तीस वर्षांच्या हट्टाला पेटलेला. आबांनी थोडं तेल पाजलं, “बस जरा” म्हणाले, आणि दहा मिनिटं काहीच केलं नाही. मला ही दहा मिनिटं कधी जमली नाहीत. मी जोर लावला, सॉकेट सटकलं आणि माझी मूठ स्टिअरिंगच्या मधोमध, बॅगेच्या तोंडावर, धाडकन आदळली.

आम्ही दोघंही जागच्या जागी थिजलो. काही झालं नाही. बॅटरी सुटलेली, कपॅसिटर उतरलेला, त्यामुळे काही होणारही नव्हतं, आणि ते मला माहीत होतं. तरी घशाला कोरड पडली. आबा उठले, माझ्या हातातला रॅचेट काढून घेतला, सॉकेटमध्ये कागदाचा बारीक तुकडा सारून ते नटावर घट्ट बसवलं आणि मनगटाच्या एका झटक्यात चौथा सोडवला. “मूठ मारायला काय नारळ हाय व्हय त्यो?” एवढंच बोलले.

बॅग पुढे ओढली की मागे कनेक्टर दिसतो. त्याच्या आत छोटी पत्री असते. कनेक्टर निघाला की ती दोन्ही पिना आपोआप जोडून टाकते, म्हणजे बाहेरची स्थिर वीज तारेपर्यंत पोचू नये. ज्याने हे सुचवलं त्याला दंडवत. बॅग उचलताना तिचं तोंड आपल्यापासून लांब, आणि ठेवताना तोंड आकाशाकडे. उलटी ठेवली आणि उडाली तर पिशवी जमिनीला रेटा देते आणि डबा रॉकेटसारखा वर जातो. आबांनी गॅरेजच्या कोपऱ्यात खडूने चौकोन आखला आणि बॅग त्यात ठेवायला लावली. मुलीला सांगितलं, हा चौकोन म्हणजे चुलीचा जाळ समज.

पुढे स्टिअरिंग. मधला २१ चा नट सैल करायचा, पण काढून टाकायचा नाही, दोन-तीन आटे तसेच ठेवायचे. व्हील खाचांवर घट्ट बसलेलं असतं. दोन्ही हातांनी हलवत ओढलं की ते अचानक सुटतं, आणि नट नसेल तर थेट दातांवर येतं. त्याआधी आबांनी शाफ्टवर आणि व्हीलवर समोरासमोर पंचने एकेक ठिपका मारला, परत बसवायची वेळ आली तर सरळ बसावं म्हणून. “परत बसवायची वेळ येतीया,” ते म्हणाले. प्रश्न नव्हता तो.

व्हीलमागे चपट्या फितीची गुंडाळी असते, क्लॉकस्प्रिंग. स्टिअरिंग फिरत असताना वायर तुटू नये म्हणून ती असते. मला ती फेकून द्यायची होती, काही ग्रॅम तेवढेच. पण वळण संपल्यावर इंडिकेटर आपोआप बंद करणारे खुंटे त्याच भागावर असतात. म्हणून ती राहिली, फिरू नये म्हणून टेप लावून मधोमध धरली, आणि वरून नवा हब (व्हील शाफ्टला जोडणारा मधला तुकडा) आणि मोमो कंपनीचं ३५० मिलिमीटरचं स्टिअरिंग चढवलं. नट ४० न्यूटन-मीटरच्या वर थोडा, टॉर्क पान्याने. इथे मनगटाच्या अंदाजावर आबांनीही विश्वास ठेवला नाही.

शेजारची बॅग दुसऱ्या दिवशी. ग्लव्हबॉक्स काढून, सीट मागे सरकवून, पायांच्या जागेत उताणं झोपून. दोन तास लागले, पाठ धरली, सांगण्यासारखं दुसरं काही नाही. ती निघाल्यावर डॅशबोर्डला मात्र चांगला मोठा आडवा खड्डा पडला. बाजारात झाकणं मिळतात. आबांनी ऐकून घेतलं नाही. हार्डवेअरच्या दुकानातून अॅल्युमिनिअमचा पत्रा आणायला लावला, पुठ्ठ्याचा साचा कापला, व्हर्निअरने खड्ड्याची चार ठिकाणी रुंदी घेतली (चारही ठिकाणी वेगळी निघाली, यावर त्यांनी जपान्यांना उद्देशून हळूच काहीतरी म्हटलं), आणि मग तीन दिवस हॅकसॉ आणि कानस. डावा कोपरा जरा फुगीर राहिला होता. मला दिसत नव्हता. ते बोटाने चाचपायचे, दोन हात कानस मारायचे, लावून बघायचे, काढायचे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी झाकण बसलं तेव्हा त्याला स्क्रूसुद्धा नुसते नावाला लागले. माझ्या गाडीतला सगळ्यांत नेटका भाग आजही तोच आहे.

आता काटा. जुनं व्हील एअरबॅगसकट ४.७ किलो. नवं व्हील हबसकट २.२. म्हणजे अडीच किलो वाचले. शेजारची बॅग पट्ट्यांसकट ५.९, त्यातून आबांचं झाकण ३०० ग्रॅम वजा, राहिले ५.६. कंट्रोल बॉक्स आणि थोड्या वायरी, ९०० ग्रॅम. एकूण बरोबर ९ किलो.

१,०४० मधले ९. एक टक्काही नाही. या गाडीची टाकी ४८ लिटरची, पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास. बारा लिटर पेट्रोल कमी भरलं असतं तर हाच आकडा आला असता, आणि तेही एक बोल्ट न सोडवता. हे गणित मी आधीही करू शकलो असतो. लिफाफ्याच्या पाठीवर मावेल एवढंच आहे.

फरक अजिबात पडला नाही असं म्हणणं मात्र खोटं ठरेल. जड व्हील गेल्यावर पुढची चाकं रस्त्याबद्दल जे काही सांगतात ते तळव्याला जास्त स्पष्ट कळायला लागलं. टायर घसरायच्या बेतात आला की आधी स्टिअरिंग हलकं पडतं, तो क्षण पूर्वी बधिर असायचा, आता बोटांत येतो. एवढ्यासाठी केलं असतं तर मी मला माफ केलं असतं. पण मी केलं होतं वेळेसाठी, आणि घड्याळात काहीच उमटलं नाही. माझ्याच लागोपाठच्या दोन फेऱ्यांत दीड सेकंदाचा फरक असतो. त्यात ९ किलो कुठे शोधणार?

ऑगस्टमध्ये साउथ हेवनला गेलो. गाडीला रोल बार, म्हणजे उलटली तर डोकं वाचावं म्हणून सीटमागे असतो तो पोलादी दांडा, आधीच होता. आता ड्रायव्हरच्या सीटला सहा पट्ट्यांचा हार्नेसही लावला होता. तपासणीच्या रांगेत एका शांत माणसाने हार्नेस ओढून पाहिला, मग शेजारच्या सीटकडे पाहिलं, मग आबांच्या झाकणावर टकटक केलं. “छान काम आहे,” म्हणाला. “याच्यामागे काय होतं?” मी सांगितलं. त्यांचा नियम साधा होता, आणि बहुतेक ठिकाणी तो असतोच: ड्रायव्हरला जे संरक्षण, तेच शेजारी बसणाऱ्या शिक्षकाला. मला सहा पट्ट्या आणि त्याला मूळचा तीन टेकूंचा पट्टा, हे चालणार नाही. एक तर त्यालाही हार्नेस, नाहीतर मीही साध्या पट्ट्यावर. दुसरा हार्नेस माझ्याकडे नव्हता. त्यामुळे त्या दिवशी मी एअरबॅग नसलेली गाडी साध्या पट्ट्यावर, छातीसमोर अॅल्युमिनिअमचा कडक हब घेऊन चालवली. दोन्हीकडचं वाईट तेवढं एकत्र. शिक्षक भला माणूस होता, बसला. पण पूर्ण सत्रभर त्याने मला तिसऱ्या गिअरच्या वर फारसं जाऊ दिलं नाही.

खरी गोष्ट कळली ती परतताना. साउथ हेवन ते नोव्हाय अडीच तास, बहुतेक हायवे. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, झेंडेवाले उभे असतात, अॅम्ब्युलन्स इंजिन चालू ठेवून थांबलेली असते, डोक्यावर हेल्मेट असतं. हायवेवर यांतलं काहीच नाही. तिथे डावीकडे अठरा चाकी ट्रक, पुढे फोनमध्ये डोकं घातलेला कुणीतरी, आणि मी कमरेएवढ्या उंचीच्या गाडीत. हेल्मेट घालून रस्त्यावर चालवता येत नाही, हार्नेसमध्ये बांधून घेतलं तर खांद्यावरून मागे वळून बघता येत नाही, आणि रोल बार उघड्या डोक्यामागे असला तर तोच डोकं फोडतो. रेसच्या गाडीत एअरबॅग लागत नाही कारण तिची जागा घेणारी हेल्मेट, हार्नेस, पिंजरा अशी साधनं तिथे असतात. रस्त्यावर ती साधनं उपयोगाची नसताना मी एअरबॅग काढून टाकली होती. कलामझूजवळ पाऊस आला. पुढचे दोन तास मी उजव्या लेनमधून, ५५ मैलांच्या वर न जाता घरी आलो. शेजारी आबा नव्हते, ते बायकोच्या गाडीतून मागून येत होते, मांडीवर साउथ हेवनच्या ब्लूबेरींची पाटी घेऊन. ते योगायोगाने झालं होतं. गाडी त्यांना मीच चालवून दाखवणार होतो.

घरी आल्यावर अमेरिकन सरकारच्या रस्ता सुरक्षा विभागाचे आकडे वाचत बसलो, जे आधी वाचायला हवे होते. १९८७ ते २०१७ या काळात पुढच्या एअरबॅगांनी ५०,४५७ जीव वाचवल्याचा त्यांचा अंदाज आहे. आणि त्याच विभागाचा दुसरा आकडा: १९९० ते २००८ मध्ये कमी वेगाच्या अपघातांत एअरबॅगच्याच तडाख्याने २९० हून अधिक माणसं गेली, त्यांतली बरीच लहान मुलं, आणि जवळपास नऊ दशांश १९९८ च्या आधी बनलेल्या गाड्यांत. त्या जुन्या बॅगा फार जोरात फुगायच्या, पुढे त्यांची ताकद कमी केली. छातीपासून बॅगेपर्यंत किमान २५ सेंटिमीटर अंतर ठेवा असं सांगतात, आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना मागे बसवा. माझ्या गाडीला मागे नाहीच.

माझी मुलगी नऊ वर्षांची. काढायच्या आधी, जूनमध्ये, तिला मी दोनदा त्या सीटवर बसवून आइसक्रीमला नेलं होतं. टप उघडा, तिचे पाय डॅशबोर्डवर, त्याच जागी जिच्यामागे ५.९ किलोंचा बार होता. ते आठवून अजून पोटात गोळा येतो. म्हणजे बॅग होती तेव्हा मुलीला धोका होता, आणि बॅग नाही म्हणून बायकोला आहे. खास परवानगी घेऊन शेजारची एअरबॅग बंद-चालू करायचा स्विच बसवता येतो, १९९८ पासून तशी तरतूद आहे. पण आमच्याकडे आता बंद करायलाच काही उरलं नव्हतं.

मधल्या काळात मीटरमधला एअरबॅगचा दिवा पेटलेला होताच. त्यावर सोपा इलाज सगळ्यांना माहीत असतो: बॅगेच्या जागी तेवढ्याच रोधाचा रेझिस्टर लावायचा, कंट्रोल बॉक्सला वाटतं बॅग जागेवर आहे, दिवा विझतो. मी कंट्रोल बॉक्स परत बसवून तो लावणार होतो, पाकीटही आणलं होतं. आबांनी विचारलं हे कशाला. मी सांगितल्यावर म्हणाले, “म्हंजे मांजरानं डोळं मिटायचं, आणि गाडीनंबी.” उद्या गाडी विकली तर घेणारा तो विझलेला दिवा बघूनच आपलं पोर शेजारी बसवणार. रेझिस्टरचं पाकीट दुकानात परत दिलं. दिवा तसाच आहे, आणि झाकणाच्या खालच्या कडेला मी इंग्रजीत पट्टी चिकटवली आहे की या गाडीत एकही एअरबॅग नाही.

शेवटी दोनच रस्ते होते: सगळं परत बसवायचं, किंवा गाडी पूर्णपणे ट्रॅकची करायची. आबांचे पंचचे ठिपके शाफ्टवर तयार होते. मी एक रात्र विचार केला आणि दुसरा रस्ता धरला, आणि तो शहाणपणाचा होता असा माझा दावा नाही. रस्त्यासाठीची नंबरप्लेट उतरवली. जुना पोलादी ट्रेलर घेतला. त्याचं वजन ९०० किलो. नऊ किलो वाचवायला नऊशे किलोंचा ट्रेलर, हा विनोद माझ्या मित्रांनी इतक्या वेळा केला आहे की आता तो मीच आधी करून मोकळा होतो. शेजारची सीटही काढली. शिक्षकाशिवाय चालवायची परवानगी मिळेपर्यंत म्हणून ती ट्रॅकच्या दिवशी चार बोल्टांवर परत बसते, दुसऱ्या हार्नेससकट. काट्याला लावून पाहिली. १५ किलो. दोन्ही बारांपेक्षा जास्त, वीस मिनिटांचं काम, आणि कुणाच्या छातीत धस्स होत नाही.

राहता राहिल्या बॅगा. कचऱ्यात टाकता येत नाहीत, कचरागाडीच्या दाबाखाली काय होईल कुणी सांगावं. टपालाने पाठवता येत नाहीत, इथल्या टपालखात्याच्या मनाई यादीत एअरबॅगचं नाव सरळ आहे. कुरिअरने न्यायच्या तर धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात मोडतात. भंगारवाला म्हणाला, उडवून आणा मग घेतो. उडवून! त्या कधी परत बसवाव्याशा वाटतीलही, या विचाराने मी त्या गॅरेजच्या लोखंडी कपाटात ठेवल्या, खालच्या फळीवर, कोरड्या जागी, रंगाच्या डब्यांपासून लांब. जायच्या आदल्या दिवशी आबांनी कपाटाच्या दारावर मास्किंग टेपची लांब पट्टी लावली आणि स्केचपेनने, उद्यमनगरात मशीनवर लिहायचे तसल्या अक्षरात, लिहिलं: ‘बार आहे. हात लावू नये. तोंड वर.’ खाली तारीख आणि सही. आमच्या गल्लीत मराठी वाचणारं दुसरं कुणी नाही, हे त्यांना सांगावंसं वाटलं नाही.

आता दर रविवारी सकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. तिकडे संध्याकाळ असते, मागे टीव्ही चालू असतो. नातीशी बोलून होतं, पावसाचं होतं, चुलतभावाच्या गाडीच्या मायलेजचं होतं. मग फोन माझ्याकडे येतो.

“बार हाय न्हवं अजून?”

“आहे, कपाटात.”

“तोंड?”

“वर आहे, आबा.”

“बघून आलास का नुसतं म्हणतोस?”

मी फोन घेऊन गॅरेजमध्ये जातो.